कोळंबी रबरासारखी होतेय, अर्ध्या तासात होणारे आणि चव असलेले प्रकार सांगा

चौथी_सीट
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी अंधेरीला नोकरी करते, राहायला बोरिवलीला. घरी पोचेपर्यंत सव्वाआठ होतात आणि नऊला ताटं मांडायची असतात. दोन महिन्यांपासून बाबा आमच्याकडे राहायला आलेत. त्यांचं सगळं आयुष्य लालबागला गेलं, आठवड्यातून तीन दिवस मासळी ठरलेली आणि त्यातही कोळंबी म्हणजे जीव की प्राण. आता त्यांना कवळी बसवलीय त्यामुळे काट्यांचे मासे त्यांनी जवळजवळ सोडूनच दिलेत, म्हणून मी हौसेने कोळंबी आणते, पण ती इतकी चिवट होते की बाबा रस्सा भाकरी खातात आणि कोळंब्या गपचूप ताटाच्या कडेला सारून ठेवतात. बोलत काही नाहीत पण मला दिसतं ना. शिवाय रश्श्यालाही आई करायची तशी चव नाही. मी मोठी सोललेली घेते, महागाची असते. कुठे चुकतंय ते सांगा, आणि रोजच्या धावपळीत पटकन होतील असे प्रकारही सांगा.

खारदांड्याची
ताई, आधी हे सांगा कोलंबी गॅसवर किती वेळ ठेवता?

चौथी_सीट
कांदा टोमॅटो परतते, आलं-लसूण, मसाला, मग कोळंबी घालून कपभर पाणी आणि झाकण. पंधरा-वीस मिनिटं. कच्ची राहिली तर बाबांचं पोट बिघडेल अशी भीती वाटते म्हणून जरा जास्तच ठेवते.

खारदांड्याची
मग कळलं. ताई पंधरा मिनिटं म्हणजे कोंबडीचा हिशोब झाला. कोलंबीला मध्यम आकाराची असेल तर तीन मिनिटं, अगदी मोठी टायगर असेल तर चार-पाच, बस. माझी आई पस्तीस वर्षं बाजारात म्हावरं विकायला बसते, गिऱ्हाइकाला पिशवी देताना दर वेळी एकच सांगते की मसाला हवा तेवढा शिजव पण कोलंबी टाकलीस की चुलीपासून हलू नको. म्हणजे आधी रस्सा पूर्ण तयार करायचा, मीठ आंबट सगळं बघून घ्यायचं, उकळी आली की कोलंबी सोडायची आणि ती वळली, रंग बदलला की गॅस बंद. रस्सा गरमच असतो, त्यात ती बंद गॅसवरही थोडी शिजत राहते तेही धरूनच चालायचं.

आमच्या घरचं रोजचं आंबट सांगते, यात कांदा नाही खोबरं नाही, त्यामुळे वाटणाचा वेळच वाचतो. पातेल्यात दोन-तीन चमचे तेल, आठ-दहा पाकळ्या लसूण सालासकट ठेचून, तो तांबूस झाला की हळद आणि दोन चमचे कोळी मसाला. मसाला तेलात पडला की लगेच पाणी, नाहीतर जळतो आणि कडू लागतो. मग चिंचेचा कोळ, आता मे महिना आहे तर कैरीच्या चार फोडी घाला, जास्त छान. मीठ. पाच-सात मिनिटं खळखळ उकळू द्या म्हणजे मसाल्याचा कच्चा वास जातो. रस्सा पातळ वाटला तर चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावायचं. शेवटी कोलंबी, तीन मिनिटं, कोथिंबीर. भात लावलेला असेल तर पंधरा-सतरा मिनिटांत जेवण तयार.

आणि सोललेली का घेता? चव तर डोक्यात असते.

रसायनवाले_सर
खारदांडा ताईंनी बरोबर सांगितलंय, त्यामागचं कारण थोडं सांगतो म्हणजे कायमचं लक्षात राहील. मटणात जे चिवट तंतू असतात ते तासभर शिजवल्यावर विरघळतात म्हणून मटण जितकं शिजेल तितकं मऊ. कोळंबीत तसले तंतू फारच कमी. तिचं मांस म्हणजे नाजूक प्रथिनं आणि खूपसं पाणी. उष्णता लागली की ही प्रथिनं आकसतात आणि आकसताना आतलं पाणी बाहेर पिळून टाकतात. पंधरा मिनिटांनी आत पाणीच उरत नाही, मग दाताखाली येतं ते रबर. तुम्ही जेवढी जास्त वेळ ठेवाल तेवढी ती अजून घट्ट होणार, मऊ कधीच होणार नाही.

पोट बिघडण्याची भीती रास्त आहे पण त्यासाठी वीस मिनिटं लागत नाहीत. मांसाच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान गेलं की ती खाण्यायोग्य शिजलेली असते आणि उकळत्या रश्श्यात मध्यम कोळंबी त्याच्या पुढे दोन-तीन मिनिटांतच जाते. ओळखायचं कसं तर आकार बघा, इंग्रजी सी सारखी वळली की झाली, गोल वेटोळं होऊन शेपूट डोक्याच्या बाजूला टेकलं की जास्त झाली. रंगावर एकट्यावर जाऊ नका. तो नारिंगी रंग कोळंबीत आधीपासूनच असतो, कच्च्या कोळंबीत एका प्रथिनाला बांधलेला असल्यामुळे राखाडी-निळसर दिसतो आणि उष्णतेने मोकळा झाला की नारिंगी. पण वरून नारिंगी झाली तरी मोठ्या कोळंबीचा जाड भाग आत कच्चा असू शकतो, एक मधोमध कापून बघा, आरपार पांढरी दिसली पाहिजे, काचेसारखी नाही.

बिडाचा_तवा
मी एकटा राहतो परळला, माझं आठवड्यातून दोनदा हेच जेवण. पाव किलो सोललेली कोळंबी, स्वच्छ धुऊन फडक्याने टिपून अगदी कोरडी करायची. हे कोरडं करणं फार महत्त्वाचं आहे कारण ओली टाकली तर तव्यावर पाणी सुटतं आणि ती भाजली जाण्याऐवजी त्या पाण्यातच उकडते. हळद, लाल तिखट, ताजी भरडलेली मिरी. बिडाचा तवा चांगला धूर निघेपर्यंत तापवायचा, दीड चमचा तेल, ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि लगेच कोळंबी एका थरात, एकमेकींवर चढवायची नाही. दीड मिनिट हात लावायचा नाही, मग उलटायची, अजून एक मिनिट, मीठ भुरभुरायचं, गॅस बंद, वरून लिंबू. पावाबरोबर खातो. लिंबू आधी लावून ठेवू नका, आंबटाने कोळंबी तव्यावर जाण्याआधीच कडक व्हायला लागते.

ठाण्याची_सून
सोललेली कोळंबी आणि चव नाही याचं उत्तर डोक्यात आहे, पूर्ण सहमत. मी माहेरची कोकणस्थ, लग्न होऊन सीकेपी घरात आले तेव्हा मला कोलंबी साफसुद्धा करता येत नव्हती. सासूबाईंनी पहिल्या दिवशी मी कचऱ्यात टाकलेली डोकी आणि सालं परत उचलायला लावली होती. रागावून नाही, हाताला धरून शिकवलं. तेव्हापासून माझ्या फ्रीजरमध्ये कोलंबीच्या पाण्याचे ठोकळे कायम असतात आणि माझ्या मते पटकन होणाऱ्या कुठल्याही कोलंबीच्या पदार्थाचा सगळा जीव या पाण्यात आहे.

करायचं असं. डोक्याचा पुढचा टोकदार काटा, डोळे, मिशा कात्रीने कापून टाकायच्या. डोळ्यांच्या मागे आत एक छोटी काळपट पिशवी असते, तिच्यात वाळू-माती असते, ती काढायची. जो केशरी-तपकिरी गर असतो तो मात्र ठेवायचा, चव त्याचीच. मग ही डोकी आणि सालं चमचाभर तेलावर तीन-चार मिनिटं परतायची, तेल केशरी होतं, काय सुंदर वास सुटतो. अडीच-तीन वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटं उकळायचं, पावभाजीच्या मॅशरने दाबायचं आणि बारीक गाळणीतून गाळायचं. तुमच्या बाबांना कवळी आहे तर दोनदा गाळा, सालाचा बारीक कण अडकला की फार दुखतं. गार झालं की बर्फाच्या ट्रेमध्ये. रविवारी एकदा केलं की पुढचे दोन-तीन आठवडे रश्श्यात, भातात, साध्या टोमॅटोच्या सारातसुद्धा दोन ठोकळे टाकायचे.

कोलंबी भात यातच होतो. तांदूळ धुऊन वीस मिनिटं ठेवायचे (तेवढ्यात तुम्ही कपडे बदलून चहा घ्या). कोलंबीला आलं लसूण मिरची कोथिंबीरीचं हिरवं वाटण, हळद. तेलावर खडा मसाला, उभा कांदा, मग कोलंबी फक्त एक मिनिट परतून बाहेर काढून ठेवायची. त्याच भांड्यात तांदूळ परतायचे, गोडा नाही तर गरम मसाला, आणि पाण्याच्या जागी हे कोलंबीचं पाणी अधिक अर्धी वाटी नारळाचं दूध. भात नव्वद टक्के झाला की कोलंबी वर पसरायची, झाकण, मंद आच पाच मिनिटं. भात कोलंबीच्या चवीने भरलेला आणि कोलंबी मऊ.

चौथी_सीट
अरे देवा मी आजवर डोकी बाजारातच टाकून यायचे, नंतर तर सोललेलीच घ्यायला लागले. आता आठवतंय, आई पाट्यावर काहीतरी वाटायची आणि फडक्यातून पिळून रश्श्यात घालायची. मला वाटायचं खोबरं असेल. ते हेच असणार.

खारदांड्याची
हेच हेच. जुन्या बाया कच्ची डोकी वाटून गाळून ते पाणी रश्श्यात घालतात, रस्सा त्यानेच दाट होतो. फक्त ताजी पाहिजे कोलंबी. बाबांना विचारून बघा, त्यांना आठवत असेल.

देवबाग_ते_दादर
आमच्याकडे सुंगटां म्हणतत. सगळ्यांचे प्रकार छान आहेत पण खोबऱ्याशिवाय कोळंबी हे मला मान्य नाही. वेळ लागतो म्हणून खोबरं टाळू नका, रविवारी भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटण करून छोट्या डब्यांत फ्रीजरला टाका, महिनाभर मस्त राहतं. रोज एक डबी काढायची. मालवणी मसाला, वाटण, दोन-तीन आमसुलं, उकळी, कोळंबी. वीस मिनिटं कशीबशी लागतात. बाजूला सोलकढी. तिरफळ मात्र कोळंबीत घालू नका, ते बांगड्याला ठेवा, कोळंबीची गोडी त्याखाली दबून जाते.

बावखल
वसईकडून मी एक सांगतो, याच्याइतकं सोपं कालवण जगात नसेल. भुजणं. फोडणी नाही, परतणं नाही. पातेल्यातच दोन मोठे कांदे बारीक चिरून, मूठभर कोथिंबीर, चार हिरव्या मिरच्या, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या वाटून, हळद, घरचा मसाला, मीठ आणि चार चमचे कच्चं तेल, सढळ हाताने घाला. हे सगळं हाताने चांगलं चुरायचं, कांद्याला पाणी सुटेपर्यंत. त्यात कोळंबी, कैरीचे बारीक तुकडे, हलक्या हाताने मिसळायचं, गॅसवर ठेवून झाकणावर पाणी घालायचं. थेंबभर पाणी आत घालायचं नाही. दहा-बारा मिनिटांत तयार. तांदळाच्या भाकरीबरोबर खा आणि मला सांगा.

रसायनवाले_सर
बावखल, दहा-बारा मिनिटं कोळंबी आत राहिली तर पुन्हा तोच प्रश्न येईल ना? काकांना कवळी आहे.

बावखल
सर, आमच्याकडे भुजणं लहान कोळंबीचं होतं आणि सुरुवातीची पाच-सहा मिनिटं तर पातेलं नुसतं तापण्यातच जातात, त्यामुळे ती इतकी कडक होत नाही. पण तुमचं म्हणणं पटतंय. मोठी कोळंबी असेल तर कांदा-मसाला आधी सहा-सात मिनिटं वाफवा आणि मग कोळंबी घाला. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली मग ते भुजणं नाही, कारण भुजण्यात सगळं एकदमच चढतं. तिचंही बरोबर आहे. पण काकांच्या दातांसाठी केलं तर चालेल असं शेवटी तिनेच सांगितलं.

मुलुंडकर
सोलायचा कंटाळा हाच खरा वेळखाऊ भाग आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाहीये. चुलीवर तर तीनच मिनिटं. मी रविवारी सकाळी किलोभर आणतो, बाजारातच मावशीकडून साफ करून घेतो, डोकी-सालं वेगळ्या पिशवीत मागून घेतो, त्या आनंदाने देतात. किलोतून सोललेली साधारण अर्ध्या किलोच्या थोडी पुढे मागे निघते हे धरून घ्यायची. घरी आल्यावर दोन पाण्यांनी धुऊन, पाव-पाव किलोच्या पिशव्या करून, पिशवी आडवी सपाट करून फ्रीजरला. सपाट ठेवली की लवकर गोठते आणि लवकर सुटते. सकाळी कामावर निघताना एक पिशवी खालच्या कप्प्यात ठेवायची, संध्याकाळी तयार. विसरलात तर पिशवीसकट गार पाण्यात वीस मिनिटं. ओट्यावर उघडी ठेवून जाऊ नका, मुंबईच्या उकाड्यात नको ते होईल. आणि एकदा सुटलेली परत गोठवायची नाही.

परकरपोलकं
गोठवण्याआधी हळद-मीठ लावायचं ना? माझी मावशी लावते.

रसायनवाले_सर
हळद लावा, मीठ नको. मीठ लावून ठेवलं की आतलं पाणी बाहेर येतं आणि सुटल्यावर कोळंबी सुकी लागते. मीठ स्वयंपाकाच्या वेळी.

चौथी_सीट
रविवारी बाजारात जातेय. ताजी कशी ओळखायची तेही सांगून टाका, एकदा मला काळी पडलेली मिळाली होती.

खारदांड्याची
हातात घेऊन बघायची, लाजायचं नाही. साल चकचकीत, अंगाला घट्ट चिकटलेलं, डोकं घट्ट. डोकं लोंबतंय, हलवल्यावर सुटून येतंय तर नको. वास समुद्राचा पाहिजे, नाकाला झोंबणारा वास आला तर पुढच्या पाटीकडे जा. काळे डाग डोक्यापासून सुरू होतात, ते पडले म्हणजे कोलंबी काढून बराच वेळ झाला, बर्फ नीट मिळालं नाही. थोडा डाग म्हणजे सडलीच असं नाही पण डोक्याचं पाणी काढायचं असेल तर अजिबात घेऊ नका.

आणि मोठी घेऊ नका हो. मोठी तव्यावर, रवा लावून तळायला. कालवणाला बारीक-मध्यम चैती घ्या, गोड असते, स्वस्तही पडते. वाट्यावर मिळते. पिशवीबंद टायगर किंवा वन्नामेई ही तळ्यातली असते, वाईट नाही, बारा महिने मिळते, पण समुद्राच्या कोलंबीची चव वेगळी. माझी आई चव घेऊन डोळे मिटून सांगेल कुठली आहे ते.

मुलुंडकर
पिशवीबंद घेताना एक बघा, वर बर्फाचा थर असतो, पिशवीवर लिहिलेलं वजन बर्फासकट की बर्फ सोडून ते वाचून घ्या. एका ॲपवरून मागवलेली मी बर्फ सुटल्यावर तोलली होती, चांगलीच कमी भरली.

परकरपोलकं
पाठीतला काळा दोरा प्रत्येक कोळंबीचा काढायचा का? बारीक कोळंबीचा काढताना एक तास जातो.

ठाण्याची_सून
मध्यम आणि मोठीचा काढायचाच. ते आतडं असतं, किरकिर लागते दाताखाली. पाठीवर दुसऱ्या-तिसऱ्या जोडात टूथपिक खुपसून वर ओढली की अख्खा दोरा येतो, चिरावी लागत नाही.

देवबाग_ते_दादर
अगदी बारीक असेल तर आमच्याकडे कोणी काढत नाही. शेपटीची दोन टोकं आणि डोकं चिमटून काढलं की बऱ्याचदा दोरा आपोआप ओढला जातो.

मीरारोड_पूर्व
सगळे उत्साहात आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय. घरी पाहुणे जेवायला असतील तर कोळंबी करण्याआधी विचारून घ्या. माझ्या भावाला तिची ॲलर्जी आहे. एकदा लग्नाच्या जेवणात फ्राइड राइसमध्ये बारीक कोळंबी होती, त्याला कळलंच नाही, ओठ सुजले, श्वास लागला, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. चांगली शिजवली की त्रास होत नाही असा समज आहे तो चुकीचा आहे, ज्या प्रथिनाने ॲलर्जी होते ते शिजवल्याने जात नाही. त्याच तेलात तळलेले पापडही चालत नाहीत. आणि हे कोळंबीच्या पाण्याचे ठोकळे ज्यांच्या फ्रीजरमध्ये असतील त्यांनी ट्रेवर नाव लिहून ठेवा प्लीज, कोणी सरबतात टाकेल.

ठाण्याची_सून
खूप महत्त्वाचं लिहिलंत. आजच पिशवीवर मार्करने लिहिते.

चौथी_सीट
रविवारचा रिपोर्ट. सकाळी सातला बाजारात गेले, बाबा पण आले हट्टाने. चैती दीड किलो घेतली. मी घेत होते ती पहिली पाटी बाबांनी नको म्हणून मान हलवली, दुसरीकडे गेलो. मावशीने साफ करून दिली, डोकी वेगळी. घरी येऊन पाणी काढलं, तेल केशरी झालं तेव्हा बाबा आतल्या खोलीतून उठून ओट्यापाशी आले आणि म्हणाले, हा वास. एवढंच म्हणाले.

आंबट केलं खारदांडा ताईंच्या पद्धतीने, कैरी घालून, पाण्याच्या जागी डोक्यांचं पाणी. रस्सा अप्रतिम झाला, मी स्वतः दोन वाट्या प्यायले. कोळंबी आधीपेक्षा खूपच मऊ, पण तरी थोडी जास्त झाली असं वाटलं. तीन मिनिटांनी गॅस बंद केला पण जेवायला बसेपर्यंत अर्धा तास झाकून ठेवलं होतं.

खारदांड्याची
तेच झालं ताई, बंद गॅसवर शिजत राहिली. जेवायला वेळ असेल तर रस्सा करून ठेवायचा आणि कोलंबी ताटं मांडताना टाकायची. झाकण उघडं ठेवायचं.

बिडाचा_तवा
भाज्यांबरोबर करून बघा आठवड्यात, भाजी आणि मासळी एकाच कढईत होते. दुधी, शेवग्याच्या शेंगा, वांगं, फ्लॉवर सगळ्याबरोबर चालते. भाजी आधी कोळंबीच्या पाण्यात पूर्ण शिजवायची, शेवटी कोळंबी. दुधी-कोळंबी तर काकांना चावायलाही सोपी.

मुलुंडकर
आणि तळायची हौस आली तर प्रॉन्स कोळीवाडा. नाव कोळीवाडा असलं तरी तो कोळ्यांचा पदार्थ नाही, सायन कोळीवाड्यात फाळणीनंतर येऊन वसलेल्या पंजाबी लोकांच्या हाताची ती चव आहे, म्हणून त्यात बेसन आणि ओवा. घरी करताना पीठ अगदी पातळ लेप बसेल इतकंच, तेल कडक तापलेलं, दोन मिनिटांत काढायची.

चौथी_सीट
आज बुधवार. सकाळी पिशवी खालच्या कप्प्यात ठेवून गेले होते. सव्वाआठला घरात, आठ पस्तीसला दुधी चिरून कोळंबीच्या दोन ठोकळ्यांबरोबर कढईत, पाच मिनिटं कमी नऊला कोळंबी टाकली, नऊला गॅस बंद करून थेट ताटात. बाबांनी एकही कोळंबी कडेला काढली नाही. मी मोजत होते. ताट रिकामं झाल्यावर म्हणाले मीठ जरा कमी आहे, आणि परत वाढ.

आता प्रश्न पुढचा. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे १ जूनपासून बोटी बंद होतील, ३१ जुलैपर्यंत ताजी चैती मिळणं कठीण. तोवर काय करायचं?

खारदांड्याची
आगोट भरायची ताई, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आत्ताच. सोडे घ्या, जवळा घ्या. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोलंबी. नारिंगी-गुलाबी, कडक, हाताला ओलसर न लागणारे घ्या. घरी आणून दोन उन्हं दाखवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पावसाळ्यात पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवले की कुठेही घाला. भिजवलेलं पहिलं पाणी खारट असतं, चाखून बघून मग मीठ टाका.

ठाण्याची_सून
सोड्याची खिचडी! तांदूळ, सोडे, बटाटा, कांदा, खडा मसाला, वरून खोबरं कोथिंबीर. कुकरला नाही, पातेल्यात. बाहेर पाऊस आणि ताटात ही खिचडी, आमच्या घरी जुलैमध्ये दर रविवारी असते. बाबांसाठी सोडे जरा जास्त वेळ भिजवा आणि बारीक तुकडे करा, ताज्यासारखे मऊ नाही होत ते.

परकरपोलकं
सोडे मुंबईत कुठे चांगले मिळतात?

मुलुंडकर
मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात. सकाळी लवकर जा.

चौथी_सीट
बाबांना वाचून दाखवलं आत्ता. म्हणतायत शनिवारी सहाला निघू, आणि तू निवडू नकोस, सोडे मी बघून घेईन. मोठी बरणी धुऊन उन्हात ठेवायला सांगितलीय, ती आईची चिनी मातीची, माळ्यावर आहे.